व्हिसाचा विमा म्हणजे सायकलचा विमा नव्हे

‘शेंगेन व्हिसासाठी काढलेला ३०,००० युरोंचा विमा असला की युरोपातल्या सायकल सफरीला दुसरं काही लागत नाही,’ असा संदेश सध्या फिरतोय. तो अर्धाच खरा आहे. (शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांचा गट.)

व्हिसाचा नियम किमान ३०,००० युरोंचं संरक्षण मागतो, पण कशासाठी? तातडीचे उपचार, रुग्णालयात दाखल होणं, मायदेशी परत आणणं आणि मृत्यू. सायकल चोरीला गेली, विमानात फ्रेम वाकली किंवा तुमच्या धडकेनं पादचारी जखमी झाला, तर त्यासाठी हा नियम कोणतंच संरक्षण मागत नाही. शेवटची शक्यता सगळ्यात महाग पडू शकते, आणि नेमकी तीच लोक विसरतात. त्यासाठी पॉलिसीत ‘तृतीय पक्ष दायित्व’, म्हणजे तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या इजेची भरपाई, शोधा; सायकल चालवताना ते लागू आहे ना, हेही पाहा.

दुसरी अडचण नकाशाची. क्रोएशिया २०२३ पासून शेंगेनमध्ये आहे. शेजारचे बोस्निया, सर्बिया, मॉन्टेनेग्रो नाहीत. बाल्कनमधून जाणारा रस्ता सहज बाहेर पडतो, आणि फक्त शेंगेनपुरती असलेली पॉलिसी सीमेवरच थांबते.

‘साहसी खेळ वगळले आहेत’ हे वाक्य मात्र घाबरून सोडून देऊ नका. साधं सायकलिंग बहुधा चालतं. शर्यत बहुधा नाही. काही पॉलिसींत उंचीची किंवा सलग दिवसांची मर्यादा असते. कंपनीला मार्ग लिहून पाठवा, उत्तरही लेखीच घ्या. फोनवरच्या ‘हो हो, चालतंय’ला दाव्याच्या वेळी कुणी विचारत नाही.