खमका अध्यक्ष मागणाऱ्यांना, न्यू जर्सीहून

माझा सांगलीचा मामेभाऊ आणि त्याचे मित्र सध्या एकच पालुपद लावून बसलेत. संसदेत नुसता गोंधळ, आघाड्यांत नुसते रुसवेफुगवे, त्यापेक्षा अमेरिकेसारखी अध्यक्षीय पद्धत आणा. एक खमका माणूस निवडून द्या, पाच वर्षं त्याला कुणी हात लावायचा नाही, मग बघा देश कसा सुसाट सुटतो. आणि वर मलाच विचारणार, "काय रे, तुमच्याकडे असंच आहे ना?"

नाही दादा, असं अजिबात नाही. बातम्यांत व्हाइट हाउस दिसतं म्हणून कारभार तिथूनच चालतो असं तुम्हाला वाटतं. १७८७ मध्ये फिलाडेल्फियात ज्यांनी इथली राज्यघटना लिहिली, ते राजाशी लढून आलेले लोक होते. म्हणून पहिलं आणि सगळ्यात लांबलचक कलम काँग्रेसचं, म्हणजे इथल्या संसदेचं आहे. अध्यक्षाचा नंबर दुसरा, न्यायालयांचा तिसरा. तिजोरी काँग्रेसकडे. सिनेटर, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहाचा सदस्य, मंत्री झाला की त्याला सिनेटची जागा सोडावी लागते. आपल्याकडे मंत्रिपदाच्या आशेवर आमदार इकडून तिकडे जातात, ती वाटच इथे घटनेने बंद केली आहे.

१९५२ मध्ये कोरियात युद्ध चालू असताना संप होणार म्हणून अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद कारखाने ताब्यात घेतले. सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन मतांनी ते परत करायला लावले. १९७४ मध्ये वॉटरगेट प्रकरणात अध्यक्ष निक्सन आपल्या संभाषणांच्या टेप देईनात, तेव्हा निकाल आठ विरुद्ध शून्य लागला, आणि त्या आठांत त्यांनी स्वतः नेमलेले तिघे होते. सोळा दिवसांत निक्सन घरी गेले. आणि सुसाट वेगाचं म्हणाल, तर सीमेवरच्या भिंतीला काँग्रेस पैसे देईना म्हणून २०१८ च्या डिसेंबरात केंद्राची कित्येक खाती बंद पडली ती ३५ दिवस. विमानतळावर आमच्या बॅगा तपासणारी माणसं बिनपगारी उभी होती.

हे सगळं ज्यांना पक्कं ठाऊक होतं, ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेले डॉ. आंबेडकर. ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत त्यांनी स्पष्ट सांगितलं, की अमेरिकी पद्धतीत स्थैर्य जास्त, ब्रिटिश पद्धतीत जबाबदारी जास्त, आणि मसुदा समितीने जबाबदारीला झुकतं माप दिलं आहे. संसदेत सरकारला रोज जाब विचारता येतो. १९९९ मध्ये वाजपेयींचं सरकार एका मताने पडलं. इथे महाभियोग तीन अध्यक्षांवर मिळून चार वेळा चालला, पण दोन-तृतीयांश सिनेटर काही जमले नाहीत आणि एकालाही हटवता आलं नाही. मग खमक्या माणसाला आवरणारं कोण उरतं? काँग्रेस आणि कोर्ट. तुम्हाला नेमकं तेच वगळून अध्यक्ष हवाय.

कोर्ट काय करतं ते मी जवळून पाहिलंय. २० जानेवारी २०२५ ला अध्यक्ष ट्रम्प यांचा आदेश निघाला, की आईवडील तात्पुरत्या व्हिसावर असतील तर १९ फेब्रुवारीपासून इथे जन्मणारं मूल नागरिक नाही. आमच्याच मजल्यावर नांदेडचं जोडपं राहतं, दोघंही एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर. तिची तारीख फेब्रुवारीच्या अखेरची. त्या रात्री ती आमच्या ओट्याला टेकून उभी होती आणि माझ्या बायकोला विचारत होती, "वहिनी, सिझेरियन आधीच करून घेऊ का?" २३ तारखेला सिएटलच्या न्यायाधीशाने आदेशाला स्थगिती दिली, तोही ट्रम्प यांच्याच पक्षाचे अध्यक्ष रेगन यांनी नेमलेला. आधार काय, तर इथे जन्मलेला तो नागरिक असं सांगणारी १८६८ ची चौदावी घटनादुरुस्ती आणि सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वाँग किम आर्क या चिनी आईबापांच्या मुलाने १८९८ मध्ये जिंकलेला खटला. पुढे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, पण त्या बाळाचा जन्म झाला तो नागरिक म्हणूनच.

आणि याच व्यवस्थेने मला वर्षानुवर्षं लटकवून ठेवलंय, हेही सांगतो. ग्रीन कार्डावर, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवान्यावर, दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे, ती काँग्रेसच्या कायद्याने. ती उठवणारं विधेयक २०१९ मध्ये प्रतिनिधिगृहात, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहात, ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झालं. सिनेटने २०२० च्या डिसेंबरात आपला वेगळा मसुदा मंजूर केला. दोन्हींचा मेळ बसला नाही, त्या काँग्रेसची मुदत संपली, विधेयक बारगळलं. माझा अर्ज त्याच रांगेत आहे. इथे मला मत नाही. तिथे आहे, पण ते द्यायला सांगलीच्या केंद्रावर स्वतः उभं राहावं लागतं. दोन्ही देशांच्या राजकारणावर मी तावातावाने बोलतो आणि दोन्हीकडच्या निकालात माझा हात नसतो. हे मला फार लागतं. तरी एका सहीने माझं कार्ड देऊ शकणारा अध्यक्ष मला नको, कारण मग नांदेडच्या त्या मुलाचं नागरिकत्वही एका सहीवर आलं.

इथून काही न्यायचंच असेल, तर २८ जुलै २०१७ ची पहाट न्या. कॅन्सरचं निदान झालेले सिनेटर जॉन मॅकेन सिनेटमध्ये आले, अंगठा खाली केला आणि स्वतःच्याच पक्षाचं आरोग्य विधेयक एका मताने पाडलं. त्यांची सिनेटरकी गेली नाही. आपल्याकडे १९८५ च्या कायद्याने एकट्याने पक्षादेश मोडला तर अपात्र, आणि दोन-तृतीयांश घाऊक दुसऱ्या पक्षात विलीन झाले तर माफ. सांगलीच्या खासदाराला विश्वासदर्शक ठराव आणि अर्थसंकल्प सोडून बाकी विधेयकांवर मनाप्रमाणे मत देऊ द्या, अशी मागणी करा दादा. मी पहिली सही करतो.