चप्पल सुंगाडा त्याले

माणूस सकाळी बाकावर डोळे मिटून बसला असेल, तर तो जिवंत आहे असं धरून चालायला लोकांचं काय जातं? परवा जळगावच्या मेहरूण तलावाच्या काठी मी तसा बसलो होतो. डोळे उघडले तेव्हा नाकापासून चार बोटांवर एक चप्पल होती. रबरी, निळ्या पट्ट्यांची, टाचेकडे झिजून कागद झालेली आणि अंगठ्याच्या जागी काळा खड्डा पडलेली. वासाबद्दल लिहीत नाही. अजून जेवायचंय.

आता मी तिथे का होतो ते सांगून टाकतो. शुगरचा रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतंच, पण डॉक्टरांचं कोण ऐकतं? चर्चच्या पाळकसाहेबांचं ऐकावं लागलं. त्यांनी उपासनेत बायबलमधला, पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राचा सहावा अध्याय काढला: तुमचं शरीर हे पवित्र आत्म्याचं मंदिर आहे. हे म्हणताना त्यांची नजर तिसऱ्या बाकावर येऊन थबकली, आणि तिसऱ्या बाकावर मी. बाहेर पडताना मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "सभामंडप चांगला ऐसपैस काढलाय हो," आणि त्याच हाताने मला समोशाची प्लेट दिली.

तोवर मी पौलाच्याच दुसऱ्या वचनावर निभावून नेत होतो. शारीरिक कसरतीचा उपयोग थोडका, सुभक्तीचा मात्र सगळ्याच बाबतींत, असं त्याने तीमथ्याला कळवलंय. हे वचन आमच्या फ्रिजवर चिकटवलेलं आहे.

नुसतं चालणं मला जमत नाही. अर्ध्या वाटेत कंटाळा येतो आणि पाय आपसूक पोह्यांच्या गाडीकडे वळतात. म्हणून तोडगा काढला, की चालताना प्रार्थना करायची. पहिल्या खांबापासून वळणापर्यंत मंडळीतले आजारी, वळणापासून वडापर्यंत परीक्षेला बसलेली पोरं, वडाच्या पुढे कर्जात रुतलेला मेहुणा. माणसाचं नाव घेऊन पाऊल उचललं की मध्येच परत फिरता येत नाही हो. मेहुण्याला वडाखाली टाकून पोहे कसे खाणार? व्यायामाला याच्याइतकं चिवट कारण मला आजवर सापडलं नव्हतं. शेवटी बाकावर बसून डोळे मिटून प्रभूची प्रार्थना, आणि मग घर.

त्या शेवटच्या प्रार्थनेतच घात झाला. "आमची रोजची भाकर आज आम्हांस दे" पर्यंत आलो होतो, तोच डोक्यावर आवाज आला.

"आरे, हाऊ मरी गया वाटस!"

अमळनेरकडचे काका, बोलणं सगळं अहिराणीत. निवृत्त, कानटोपी, हातात कुत्र्यांसाठी काठी. मला वाटलं, आमेन म्हणून मग डोळे उघडू. देवाशी बोलताना मध्येच फोन ठेवल्यासारखं कसं करायचं? काकांना तेवढा धीर नव्हता.

"हालत नही, चालत नही, नुसतं पुटपुटस. फेफरं उनं व्हई. कांदा शे का कोनजोडे?"

सकाळी सहा वाजता फिरायला कांदा घेऊन कोण येतं? पण एक बाई गंभीरपणे म्हणाल्या, "माझ्याकडे लिंबू आहे." कुणी माझा पाय चोळायला लागलं. कुणीतरी मोबाइल काढला, आणि तो ॲम्ब्युलन्ससाठी नव्हता.

"कांदा नही तं चप्पल सुंगाडा त्याले!" काकांनी हुकूम सोडला आणि स्वतःचीच काढली.

मी ताडकन उठून म्हणालो, "काका, मी प्रार्थना करत होतो!"

"प्रार्थना? डोया मिटीसन?" त्यांचा चेहरा पडला. वाचवायला माणूस मिळाला होता, तो हातचा गेला. "भाऊ, चालानं तं चाल, देव देव करानं तं घर कर. एक काम कर ना."

मग चौकशी. नाव सांगितलं, ते बायबलमधलं. झालं.

"गोवाना का केरळना?"

"जळगावचा."

"तसं नही, मूळना कोठला?"

"आजोबा भुसावळला लोको शेडमध्ये होते. त्याआधी नगर."

"पन मराठी एकदम मस्त बोलस तू!"

चप्पल मी विसरेन, हे नाही विसरत. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम 1831 साली सुरू झालं. आमच्या किती पिढ्या मराठीत जन्मल्या, मराठीत भांडल्या, डफावर भजनं म्हणत मेल्या. हिवाळ्यात आमच्याही घरी भरीत आणि कळण्याची भाकरी असते, शेवभाजीच्या तर्रीने आमच्याही डोळ्यांत पाणी येतं. तरी भाषेचं सर्टिफिकेट दर दोन महिन्यांनी नवीन, आणि देणारा प्रत्येक वेळी खूश होऊन देतो. रागवायचीसुद्धा सोय नाही.

"एक काम कर" ला उत्तर सुचलं ते घरी, चहाबरोबर. काका, म्हणायला हवं होतं, देव आणि घाम यांचं जुनं सूत आहे. बास्केटबॉल निघाला 1891 मध्ये, अमेरिकेतल्या स्प्रिंगफील्डला, वायएमसीएच्या म्हणजे ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या प्रशिक्षण शाळेत. हिवाळ्यात आत कोंडलेल्या पोरांसाठी जेम्स नेस्मिथने पीचच्या टोपल्या टांगल्या. चार वर्षांनी होलियोकच्या वायएमसीएत विल्यम मॉर्गनला दिसलं, की वयस्कर व्यापाऱ्यांना ही धावपळ झेपत नाही, म्हणून त्याने व्हॉलीबॉल काढला. हा माणूस मला फार जवळचा वाटतो. फक्त त्यांना अडचण थंडीची होती. आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, आठ वाजता डांबर मऊ होतं. आणि तलावापर्यंत पोचायचं तर फुटपाथवर गाड्या लावलेल्या, रस्त्यावर खड्डे आणि खड्ड्यांत कुत्री. टॅक्स मात्र वेळेवर भरायचा.

रविवार देवाचा मानणाऱ्या धावपटू एरिक लिडेलचंही सांगितलं असतं. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये शंभर मीटरची प्राथमिक फेरी रविवारी आली म्हणून त्याने ती शर्यतच सोडली, आणि चारशे मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. मी हे हिला रंगवून सांगत होतो. ही म्हणाली, "त्याने रविवार सोडला होता. तुम्ही अख्खा पावसाळा सोडता."

दुसऱ्या दिवशी वडापाशी काका वाटच पाहत होते. "ओ फादर!" अख्ख्या तलावाला ऐकू गेलं. मी फादर नाही, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात पाळक असतात, हे सांगायला तोंड उघडलं, पण काकांना घाई होती.

"मना पोऱ्या पुनामा शे, लगन जमत नही. तुना देवले सांगी दे. पोर नोकरीवाली पाहिजे. आन् स्वयंपाक येवाले पाहिजे. आन् पुनामाच राहनारी पाहिजे, पन आमले सांभाळनारी."

मेहुण्याचा टप्पा चालू होता, दम लागला होता. म्हटलं, "काका, तुमचा मुलगा, तुम्हीच मागा ना देवाकडे."

"माले टाइम कोठे शे?" काका हास्यक्लबाच्या घोळक्याकडे निघालेही. "माले आजून टाया वाजाडान्या शेतस."