लिंक तीच, माणसं बदलली
ऑनलाइन मीटिंगच्या सुरक्षेवरच्या लेखात सगळा भर एन्क्रिप्शनवर, म्हणजे बोलणं बाहेरच्याला कळू नये म्हणून ते कुलूपबंद करण्यावर दिलाय. बरोबर आहे, पण आमच्याकडं कोल्हापुरात, शिरोली एमआयडीसीत घोळ वेगळाच झाला. फाउंड्रीची (धातू ओतून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग बनवणारा कारखाना) दर सोमवारची झूमवरची मीटिंग, लिंक वर्षभर एकच. काम सोडून गेलेला सुपरवायझर तीच लिंक दाबून आत! कॅमेरा बंद, नाव नुसतं 'रेडमी'. आम्हाला वाटलं, पॅटर्न शॉपमधलंच (साच्यांचे नमुने बनवतात तिथलं) कोणीतरी असंल. आणि स्क्रीनवर कास्टिंगचा किलोमागचा दर उघडा. काय बोलणार राव!

आता दर वेळी नवी लिंक, वेटिंग रूम (आपण आत घेईपर्यंत बाहेर थांबवणारी सोय) चालू, पूर्ण नाव नसेल तर आत घेत नाही. झूमचं एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (मीटिंगमधल्या लोकांशिवाय झूमलाही बोलणं उघडता येत नाही असं) २०२० पासून आहे, पण ते आपणच चालू करावं लागतं. केलं की क्लाउड रेकॉर्डिंग (झूमच्या सर्व्हरवर साठणारं) बंद. आमच्या अकाउंटंटला नेमकं ते रेकॉर्डिंगच लागतं, म्हणून दर सोमवारी वाद.