बॅकने काय दिवे लावले? एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

क्रोएशियाचा माजी बचावपटू (बॅक) आणि नंतर भारताच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झालेला इगोर स्टिमॅच याच्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे : ‘आयुष्यभर पायात पाय घालणारा बॅक प्रशिक्षक होऊन काय दिवे लावणार? अफगाणिस्तानकडून हरलेल्या माणसाची आरती ओवाळण्याआधी लेखकाने कधी मैदान पाहिले आहे का?’ मतभेदाचे मला वावडे नाही. मात्र हे वाक्य मतभेदाचे नाही, हिणवणीचे आहे. उत्तर द्यायचे ते आधी तिलाच.

मैदान पाहिले आहे. कोल्हापुरात, एका पेठेच्या तालमीकडून, शाहू स्टेडियमवर मी बॅकलाच खेळलो आहे. पायात पाय घालणे हे बॅकचे काम नव्हे. ती त्याची चूक, आणि तिच्यासाठी रेफरीची शिट्टी असते. विंगर, म्हणजे कडेने चढाई करणारा खेळाडू, अंगावर येतो तेव्हा आतली बाजू अडवून त्याला टचलाइनकडे, मैदानाच्या कडेच्या रेषेकडे, ढकलत न्यायचे, त्याच वेळी मागे सुटलेला दुसरा फॉरवर्ड कोणाचा हे ओरडून सांगायचे, आणि हे सगळे नजर चेंडूवरून न हटवता करायचे. अख्खा डाव समोर मांडलेला असतो तो गोलकीपरला आणि बॅकला. गॅलरीतून किंवा मोबाईलवरच्या गोलांच्या तुकड्यांतून ते दिसत नाही, त्याला माझा इलाज नाही.

स्टिमॅचचेच पाहा. 1995 साली तो डर्बी काउंटी या इंग्लिश क्लबात आला. ट्रॅनमिअरविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात त्याने गोल केला आणि संघ 5-1 असा हरला. आपण तेव्हा असता तर त्याच रात्री निकाल देऊन मोकळे झाला असता! त्यानंतर तोच संघ लीगमध्ये सलग वीस सामने हरला नाही आणि 1996च्या उन्हाळ्यात प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे इंग्लंडच्या सर्वोच्च श्रेणीत, चढला. प्रशिक्षक जिम स्मिथने बचावाची फळी ज्याच्याभोवती बांधली, तो हाच ‘पायात पाय घालणारा’. 1998च्या विश्वचषकात क्रोएशियाने जर्मनीला 3-0 असे घरी पाठवले आणि अखेर तिसरा क्रमांक मिळवला. सर्वांना आठवतात ते शुकेरचे गोल. मागे बचावात बिलिच आणि स्टिमॅच उभे होते, हे आपल्यासारख्यांना आठवत नाही.

आणि प्रशिक्षक म्हणून? 10 सप्टेंबर 2019 रोजी दोहामध्ये भारतासमोर कतार होता, त्याच वर्षी आशियाई चषक जिंकलेला. छेत्री आजारी, गोलकीपर गुरप्रीत कर्णधार. कतारने गोलवर अक्षरशः मारा केला आणि सामना 0-0 सुटला. गुरप्रीतचे श्रेय गुरप्रीतला आहेच. तरीही नव्वद मिनिटे बचावाची रांग विस्कटू न देणे ही शिकवलेली गोष्ट असते, आणि ती शिकवणारा आयुष्यभर बॅकलाच खेळलेला होता. 2023 साली भुवनेश्वरला लेबनॉनला 2-0 हरवून मिळवलेला इंटरकॉन्टिनेंटल चषक आणि त्यानंतर बंगळुरूत जिंकलेली सॅफ (दक्षिण आशियाई) स्पर्धा आपल्या प्रतिक्रियेत कोठेही नाही. विसरलात, की सोयीचे नव्हते?

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कारण मी कोणाचा भाट नाही. त्याच सॅफमध्ये पाकिस्तानच्या खेळाडूच्या हातातला थ्रो-इनचा चेंडू काढून घेणे प्रशिक्षकाला शोभणारे नव्हते. लाल कार्ड योग्यच होते.

राहता राहिला अफगाणिस्तानकडून गुवाहाटीत झालेला पराभव, 2024च्या आशियाई चषकातील तीन सामन्यांतले शून्य गोल आणि 2013 साली क्रोएशियाने त्याला दिलेला नारळ. प्रत्येक प्रशिक्षकाच्या खात्यात असे काहीतरी असतेच. त्यावर पुरेसे लिहून झाले आहे, आणि ज्या भारतीय फुटबॉल महासंघाने त्याला जून 2024मध्ये काढले त्याच्या कारभाराविषयी आपण चकार शब्द काढत नाही, म्हणून मीही येथे अधिक काढत नाही.

‘यापुढे आपले लिखाण वाचणार नाही’ ही आपली ताकीद पोहोचली. पुढील लेख स्लावेन बिलिचवर आहे, ज्याच्या प्रशिक्षणाखालील क्रोएशियाने नोव्हेंबर 2007मध्ये वेम्ब्लीवर इंग्लंडला 3-2 हरवून युरो स्पर्धेच्या पात्रता फेरीतून बाहेर काढले. तोही बॅकच होता, तेव्हा आधीच कळवून ठेवतो.