आमच्या दुकानात पन्नास माणसं नाहीत, म्हणून माझ्या पोरीला पाळणाघर नाही

आज परत वीस मिनिटं उशीर झाला आणि परत पन्नास रुपये गेले. पाळणाघरवाल्या काकूंनी वहीत लिहिलं, तोंडानं काही बोलल्या नाहीत. पोर जाळीच्या दाराला धरून उभी. पायात चपला, खांद्याला पिशवी. काकू म्हणाल्या, सहा वाजल्यापासून चपला घालून बसते, काढूच देत नाही. अडीच वर्षांची आहे हो ती. डोकं भणभणलंय माझं.

मी कपड्याच्या दुकानात कामाला आहे. पगार अकरा हजार. त्यातले साडेतीन हजार पाळणाघराला, उशिराचे वेगळे. सातला सुटायचं ठरलंय, पण साड्या पसरून गिऱ्हाईक बसलेलं असताना मालक सोडतोय होय? सासूबाई गावी मजुरीला जातात, आई इथे चार घरची धुणीभांडी करते. कुणाच्या जिवावर ठेवू पोरीला?

जो तो सांगतो, अंगणवाडीत टाक. अंगणवाडी १९७५ पासून आहे, आमच्या सेविकाताई जीव तोडून राबतात, त्यांच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही. पण तिथे बसायला मूल तीन वर्षांचं लागतं. त्याखालच्याला आहाराचं पाकीट, तेही घरी न्यायचं. घरी आहे कोण? आणि पुढच्या वर्षी घेतलं तरी अंगणवाडी दुपारीच सुटणार. तिथून रात्रीपर्यंत पोरीनं कुणाच्या ओट्यावर बसायचं?

मग कायदा सांगतात. २०१७ मध्ये मातृत्व लाभाचा कायदा बदलला, ५० किंवा जास्त कामगार असतील तिथे पाळणाघर हवंच. आम्ही नऊ जणी. शेजारच्या दुकानात पाच, समोरच्या पार्लरमध्ये चार. अख्खा रस्ता मोजलात तर शंभरावर बायका निघतील, पण कायदा एकेक दुकान मोजतो. आणि माझ्या आईसारखीला तर कुठलाच आकडा लागू होत नाही. रोजगार हमीच्या कामावर सहा वर्षांखालची पाच पोरं असली की सांभाळायला एक बाई नेमायची, असं २००५ च्या त्या कायद्यातच लिहिलेलं. माती उपसणारीच्या लेकराचा विचार सुचला, तो शहरातल्या बाजारपेठेत का नाही सुचत?

केंद्राची 'पाळणा' योजना आहे. देशभरात १७,००० अंगणवाड्यांत पाळणाघर करायचं ठरलं. अंगणवाड्या आहेत जवळपास १४ लाख! आधीच्या योजनेत दारिद्र्यरेषेखालच्या घराला महिन्याला २० रुपये फी होती, बाकीचा बहुतेक भार सरकारचा. मी हेच तर मागतेय. आमच्या वस्तीत असं काही आहे का, विचारायला अर्धा दिवस खाडा करून गेले. तीन टेबलं फिरवलं आणि सांगितलं, तुमच्या भागाला मंजूर नाही. खाडा कापला गेला तो गेलाच.

लाडक्या बहिणीचे १५०० मला येतात. घरात लागतात, नको म्हणणार नाही. पण त्या पैशात पोर सांभाळणारं माणूस मिळत नाही. काकू तरी काय करतील? दोन खोल्या, बारा पोरं, खोल्यांचं भाडं त्यांच्याच डोक्यावर. द्या ना काकूंसारख्यांना अनुदान! भाडं द्या, मदतनीस द्या, रात्री नऊपर्यंत उघडं ठेवायला लावा, आणि आमच्याकडून पगार बघून फी घ्या. रोज तपासायला या हवं तर.

आमच्यातली एक बाळंतपणानंतर कामावर आलीच नाही. गिऱ्हाईक तिला नावानं विचारायचं, इतकी हुशार. बाळ सात महिन्यांचं, काकू वर्षाखालचं घेत नाहीत. काल तिचा फोन आला, ताई, माझी जागा भरली का गं? भरली. दोन दिवसांतच भरली होती.