पंधरा मिनिटं आणि एक चटई

काल सकाळी लेक आमच्या लालबागच्या खोलीत, पलंग आणि कपाटाच्या मधल्या चिंचोळ्या जागेत बालासनात होती. पोटाखाली जाड उशी, कपाळ चटईवर. पाळीचा पहिला दिवस. तिचे बाबा काही न बोलता चहाचा कप घेऊन गॅलरीत गेले आणि जाताना दार ओढून घेतलं. मला भरून आलं.

तिच्या वयाची असताना मी याच खोलीसारख्या खोलीत भिंतीकडे तोंड करून, पाय पोटाशी घेऊन पडायचे. आजी म्हणायची, "लग्न झालं की थांबेल." बस्स, एवढाच उपाय.

पाळीत प्रोस्टाग्लँडिन नावाच्या रसायनामुळे गर्भाशयाचे स्नायू आवळतात, तिथला रक्तपुरवठा कमी होतो आणि कळा येतात. म्हणजे ती नाटकं नसतात हो! त्यात "आता दुखणार" या धास्तीनं अंग आखडतं आणि दुखणं जास्तच जाणवतं. योगाचा आधार लेकीला इथे मिळाला. श्वासाच्या लयीत मार्जारासन, मग बालासन, मांड्यांखाली उशा घेऊन सुप्त बद्धकोणासन, म्हणजे पाठीवर झोपून तळपाय जुळवायचे, शेवटी भ्रामरी, म्हणजे भुंग्यासारखं गुणगुणत श्वास सोडायचा. करते ती महिनाभर. त्या दिवसांत फक्त झेपेल तेवढं. परीक्षेच्या धावपळीत सुटलं, तेव्हा फरक तिचा तिलाच कळला.

पण "योगा कर, गोळ्या कशाला?" असं कुणी म्हटलं की मला राग येतो. माझ्या भाचीला आम्ही सगळ्यांनी तीन वर्षं हेच ऐकवलं, मीसुद्धा. दर महिन्याला दुखणं वाढत होतं, कॉलेज बुडत होतं. शेवटी एंडोमेट्रिओसिस निघालं, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याचा आजार. आसनांनी तो आजार बरा होत नाही. दुखणं असं वाढत असेल, रक्तस्राव फार होत असेल, पाळी नसतानाही ओटीपोट दुखत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. तिची ती तीन वर्षं मला अजून टोचतात.

मुंबईत योग शिकायला ठिकाणं कमी नाहीत, सांताक्रूझची योग इन्स्टिट्यूट तर 1918 सालची. कमी आहे ती घरात अंग पसरायला जागा आणि ओढून घेता येईल असं दार. शेजारच्या खोलीत सहा माणसं राहतात. त्यांची मुलगी आता दुपारी आमच्याकडे येते. दोघी चटया टाकतात, आणि तेवढा वेळ मी बाहेर गॅलरीत तांदूळ निवडत बसते.