केटलचा पांढरा थर आणि नानांचं ठिबकचं ॲसिड

परवा संध्याकाळी कट्ट्यावर बसलेलो, जळगावातला आमचा नेहमीचाच, चहाच्या टपरीला लागून असलेला, आणि बोलता बोलता मी म्हणून गेलो की आईने केटलचं पाणी प्यायचं बंद केलंय. तिला पहाटे गोळीच्या आधी कोमट पाणी लागतं म्हणून पलंगाजवळच केटल ठेवलीय. तर ग्लासात पांढरे पापुद्रे तरंगताना दिसले आणि ती म्हणाली हे स्टील झडतंय, मी नाही पिणार. तेव्हापासून पहाटे थंडच पाणी पिते. मला ते फार लागलं होतं, म्हणून विषय काढला, आणि मग दीड तास दुसरं काही बोलणंच झालं नाही.

बापू लगेच म्हणाले, "तुले सांगतो ना भो, क्षार आहे तो. मुतखडा होईल म्हातारीले. फेक ती केटल आणि आरओ बसव."

आमचे सर शाळेत केमिस्ट्री शिकवायचे, आता रिटायर. ते म्हणाले बापू, घाबरवू नका. तो पांढरा थर म्हणजे बहुतेक चुनखडी, कॅल्शियम कार्बोनेट. आपली जमीन काळ्या बेसाल्टची, तो दगड झिजतो तसं कॅल्शियम-मॅग्नेशियम भूजलात उतरतं आणि बायकार्बोनेट होऊन विरघळलेलं राहतं, डोळ्याला दिसत नाही. पाणी तापलं की कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि उरलेलं कार्बोनेट पाण्यात विरघळत नाही, ते तळाला जाऊन बसतं. शेतात नांगरताना पांढरे खडे वर येतात ना, चुनखडीचे, तीच वस्तू. स्टील वगैरे काही झडत नाही. आणि मुतखड्याचं म्हणाल तर तो जास्त करून कॅल्शियम ऑक्सलेटचा असतो, आपल्याकडच्या ४५ डिग्रीच्या उन्हात पाणी कमी पिणं हे त्याचं मोठं कारण. ज्याला आधीच खड्याचा त्रास आहे त्याने डॉक्टरला विचारावं, पण अशा कॅल्शियम-मॅग्नेशियमवाल्या जड पाण्याने तब्येत बिघडते असा ठोस पुरावा नाही असं जागतिक आरोग्य संघटनाही म्हणते.

बापूंना पटलं नाही. म्हणाले मग सरकार मर्यादा कशाला घालतं? सर म्हणाले घालतं ना, पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे, एकूण कठीणपणा, म्हणजे हाच जडपणा, लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत चांगला, दुसरा सोर्सच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यायचा. त्या मर्यादेमागे पाण्याची चव बदलते, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही, भांडी-पाइप खराब होतात, हे सगळं आलं. डाळीचं ऐकून टपरीवाला आतूनच ओरडला की बरोबर आहे, बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या तरी गोटीसारखी राहते, आणि चहावर पण तेलकट पापुद्रा येतो, म्हणून मी चहाला वाघूर धरणाचं नळाचंच पाणी भरून ठेवतो.

आता नाना. नानांची रावेरकडे केळी आहे, त्यांनी इतका वेळ नुसतं ऐकलं आणि मग एकदम म्हणाले, "आरे, हे तर ठिबकचंच दुखणं आहे!" आणि खरंच, आमच्यात या विषयात सगळ्यात जुना अनुभव त्यांचा. बोअरचं पाणी ठिबकच्या नळीतून गेलं की ड्रिपरच्या तोंडाशी असाच पांढरा क्षार धरतो, झाडाला पाणी कमी जातं, म्हणून अधूनमधून लाइनीत ॲसिड सोडायचं, काही तास तसंच ठेवायचं आणि मग शेवटची तोंडं उघडून फ्लश करायचं. सर म्हणाले अगदी बरोबर, आम्लाने कार्बोनेट विरघळतं, बुडबुडे येतात तो कार्बन डायऑक्साइड. तर नाना म्हणाले मग झालं की, माझ्याकडे कॅनमध्ये आहे, बाटलीभर आणून देतो, दोन मिनिटात केटल चकाचक.

इथे मात्र चांगलीच वाजली. आमचा रिपेअरिंगवाला भाऊ, ज्याच्याकडे उन्हाळ्यात कूलर आणि हिवाळ्यात गिझर-केटल येतात, तो उठूनच उभा राहिला. नाना ते ॲसिड केटलमध्ये अजिबात नाही, म्हणाला. मिठाचं ॲसिड, म्हणजे हायड्रोक्लोरिक, फरशी-संडासवालं सुद्धा, स्टीलला खातं, बारीक खड्डे पाडतं, त्याचा धूर नाकातोंडात जातो, आणि ज्या भांड्यातून आई पाणी पिणार त्यात ते टाकायचंच कशाला? नाना म्हणाले आम्ही वर्षानुवर्षे वापरतो. भाऊ म्हणाला तुम्ही शेतात, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून आणि पाण्यात ॲसिड ओतून वापरता, कधी ॲसिडात पाणी ओतत नाही, बरोबर ना? नाना म्हणाले ते तर खरं. मग पाच मिनिटं गप्प बसले. माझं मत विचाराल तर तत्त्व नानांचं शंभर टक्के बरोबर होतं, फक्त ॲसिड स्वयंपाकघरातलं पाहिजे.

ते कोणतं, तर लिंबूफूल, म्हणजेच सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात ढोकळ्यासाठी मिळतं ते. सरांनी सांगितलेलं प्रमाण लिटरभर कोमट पाण्याला एक मोठा चमचा, साधारण १५ ग्रॅम. थर बुडेल इतकं भरायचं आणि अर्धा तास तसंच ठेवायचं. उकळायचं नाही, हे मला नवीन होतं. सायट्रिकचं कॅल्शियमबरोबर जे मीठ बनतं ते गरम पाण्यात उलट कमी विरघळतं, म्हणजे उकळलं तर परत तळाला बसू शकतं. थर जुना असेल तर ते पाणी फेकून दुसऱ्यांदा करायचं. पांढरं व्हिनेगर निम्मं-निम्मं पाण्यात घालूनही होतं, फक्त वास दोन दिवस जात नाही. शेवटी दोनदा साधं पाणी उकळून फेकायचं, मग प्यायला घ्यायचं.

बापू म्हणाले आमच्या घरी व्हिनेगर आणि खायचा सोडा दोन्ही टाकतात, किती फसफसतं. सर म्हणाले फसफसतं ते दोघं एकमेकांना मारतात म्हणून, चुन्यासाठी आम्ल उरतच नाही. आणि ब्लीचिंगचं काही व्हिनेगर-लिंबूफुलात मिसळू नका, क्लोरीन वायू निघतो. हे सरांनी दोनदा सांगितलं, आवाज चढवून.

भाऊने त्याचं दुकानाचं सांगितलं. केटल "बिघडली" म्हणून येते तेव्हा बरेचदा बिघाड नसतोच, तळाचा थर उष्णता पाण्यात जाऊ देत नाही, तळ जास्त तापतो, सेफ्टीचा कट-आउट मधेच बंद पाडतो. तोटीची जाळी बुजली की धार वाकडी येते. काहीजण तारेच्या घासणीने खरवडतात, त्या ओरखड्यांवर पुढचा थर आणखी पटकन धरतो. आणि बेसची बाजू पाण्यात बुडवून धुवायची नाही, त्याच्या दुकानात अशा जळालेल्या केटल येतात.

थर बसूच नये यासाठी काय, यावर एकमत नाही झालं. भाऊ म्हणतो रोज रात्री पाणी ओतून केटल पालथी घाला, लागेल तेवढंच पाणी तापवा, झालं. बापू आरओवरच अडून, आणि ते चूकही नाही, आरओ किंवा जारच्या पाण्याने थर जवळपास धरतच नाही. नानांचं म्हणणं की पाण्यासाठी एवढी ओढाताण चालू असताना आरओचं वाया जाणारं पाणी सोडून द्यायचं का? ते बादलीत धरून लादी पुसायला वापरतो, बापू म्हणाले. सर म्हणाले तुरटी फिरवून काही होत नाही, तुरटीने गढूळपणा बसतो, विरघळलेलं कॅल्शियम तसंच राहतं, आणि टीडीएस मीटरवर पण जाऊ नका, त्यात मीठसुद्धा मोजलं जातं. साबणाचा फेस बघा, तेवढं पुरे.

घरी येताना लिंबूफुलाची पुडी घेतली. रात्री आईसमोरच केटल भरून ठेवली. बुडबुडे आले तेव्हा ती वाकून बघत होती, म्हणाली, "हा तर चुनाच आहे रे, पानाला लावतो तसा." अर्ध्या तासाने तळ लख्ख दिसत होता, फक्त कडेला एक चकती उरली, ती दुसऱ्यांदा गेली. आता एका रविवारआड हे करायचं ठरलंय. केटलला नळाचं पाणी वेगळ्या कळशीत भरून ठेवतो, आणि आज पहाटे ती कोमट पाणी प्यायली.